दर वाढवला नाही, तरी घरपट्टी दुप्पट कशी?

तुमचा प्रश्न असा: नगरपरिषदेने चार वर्षांनी फेरआकारणी केली, घरपट्टी जवळजवळ दुप्पट झाली आणि कर विभागात विचारलं तर ‘दर तोच आहे’ म्हणतात. मग वाढ कुणी केली, आणि आता काही करता येईल का?

करता येईल. कर विभागातला माणूस खरंच सांगतोय. कराचा दर, म्हणजे शेकडा किती, हे नगरपरिषदेची सभा ठरवते. नगरसेवक नसतील तर प्रशासक. पण तो दर ज्या रकमेवर लागतो ते तुमच्या घराचं करयोग्य मूल्य. ते ठरवायचं काम प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याचं, आणि हा अधिकारी राज्याच्या नगररचना खात्याचा असतो. फेरआकारणीत हलतं ते हे मूल्य.

हिशोब साधा आहे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल हे धरायचं, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य. समजा 60 चौरस मीटरचं घर आणि महिना 20 रुपये चौरस मीटर भाडं धरलं, तर वर्षाचे 14,400, वजावट जाऊन 12,960. दर 25 टक्के असेल तर कर 3,240. तेच घर 10 रुपयांनी धरलं असतं तर 1,620. दर तोच, कर मात्र दुप्पट! (ग्रामपंचायतीत आणि मुंबईत भांडवली मूल्यावर आकारणी होते, तिथे हे गणित लावू नका.)

भाड्याचा हा आकडा परिसर, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवर ठरतो. चुका होतात त्या इथेच. माझ्या वडिलांच्या घराची पाहणी करायला आलेली मुलं दहा मिनिटांत परत गेली होती. नोटीस आल्यावर मी आकारणीचा उतारा काढला. मागची पत्र्याची पडवी ‘आरसीसी’ (म्हणजे काँक्रीटची) लावलेली, शिवाय 13 चौरस मीटरची 18 केलेली. आत्या राहते त्या खोलीपुढे ‘भाडेकरू’. रविवारी टेप धरून सगळं मोजलं, बायकोने आकडे लिहून घेतले, पडवीचे फोटो काढले. सुनावणीला साहेबांनी फोटो पाहिले, नोंदवहीत लाल शाईने ‘आरसीसी’ खोडून ‘पत्रा’ लिहिलं आणि बाजूला सही केली. भाडेकरूची नोंदही गेली. बिल जुन्याइतकं झालं नाही, पण वाढीतला मोठा हिस्सा कमी झाला. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांनी उतारा पाहिलाच नाही आणि तेवढी रक्कम ते आजही भरताहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे कर वाढला की मालकाला कलम 119 ची नोटीस द्यावी लागते, आणि तिच्यावरच्या मुदतीत हरकत घेता येते. ‘कर फार झाला, कमी करा’ एवढंच लिहू नका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. क्षेत्रफळ, बांधकाम, वापर, बांधकामाचं वर्ष यांतलं नेमकं काय चुकलंय ते लिहा. हरकत फेटाळली गेली तर कलम 169 खाली अपील आहे.

बिलातला शिक्षण कर राज्य सरकारचा असतो, नगरपरिषद तो फक्त वसूल करते. त्यासोबत रोजगार हमी कर लागलाय का तेवढं बघा. तो बिगरनिवासी मालमत्तेवर असतो. राहत्या घराला लागला असेल तर तुमच्या घराचा वापरच चुकीचा नोंदवलाय.

हरकतीच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. सुनावणीत माझ्याकडे पहिल्यांदा तीच मागितली होती.