खलनायकाची आत्या कोण?

प्रश्न : ताई, मी मराठीत एक अद्भुत कादंबरी लिहिते आहे. खाडीकाठच्या मिठागरांचं एक काल्पनिक राज्य आहे. तिथला राजा बांधांवरच्या सगळ्या उघड्या, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची दारं, आपल्या ताब्यात घेतो आणि गावंच्या गावं वेठीला धरतो. निम्मी कादंबरी लिहून झाली, पण या राजाला अजून नाव नाही. वहीत तो नुसता ‘क्ष’ आहे. क्रूरसेन, तमासुर आणि झॅरगॉथ अशी तीन नावं काढली आहेत. मुलाला झॅरगॉथ आवडतं, नवऱ्याला तमासुर, मला एकही नाही. नाव वाचताच धडकी भरायला हवी. काय करू?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : तुम्हाला एकही आवडत नाही, हे चांगलं लक्षण आहे. तिन्ही टाका. का टाकायची ते आधी बघू, चौथं त्यातूनच निघेल.

क्रूरसेन. डोळ्यांसमोर आणा : बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी चालू आहे, बाळ नुकतं दूध पिऊन झोपलंय, आणि आई म्हणते, गुणाचं गं माझं, याला आपण क्रूर म्हणू या. ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीत देवकीनंदन खत्रींनी क्रूरसिंह नावाचा खलनायक बिनदिक्कत चालवून नेला. पण ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट, आणि वाचक तिलिस्मात, म्हणजे जादूच्या भुलभुलैयात, असा अडकलेला की नावाची चिकित्सा करायला त्याला सवड कुठली! आजचा वाचक क्रूरसेन वाचतो आणि निवांत होतो. हा वाईट, कळलं, पुढे चला. त्याला धडकी भरत नाही, उलट त्याची काळजी मिटते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘मग दुर्योधनाचं काय?’ दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणं अवघड, तो. दुर्ग आणि दुर्गा यांतला ‘दुर्’ तोच. क्षत्रियाच्या घरात याहून कौतुकाचं नाव कोणतं असणार? त्याच्या एकुलत्या एका बहिणीचं नाव दुःशला, तेही त्याच वळणाचं. त्या घरात कुणीच मुलांना शिव्या घालून पाळण्यात ठेवलेलं नव्हतं.

झॅरगॉथ. याचं दुखणं वेगळं आहे. मी बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं, त्यामुळे नाव दिसलं की मी आधी त्याला विभक्तीतून काढते. झॅरगॉथनं, झॅरगॉथला, झॅरगॉथच्या. इथवर ठीक. आता शेवटचं प्रकरण काढा. तुमची नायिका बांधावर उभी आहे, उधाण आलंय, समोर राजा आहे आणि ती त्याला ललकारते. काय म्हणते? मराठीत संबोधन आहे हो! ‘दुर्योधना!’ म्हटलं की सभा हादरते. ‘रावणा!’ म्हटलं की धनुष्य ताणल्यासारखं वाटतं. ‘झॅरगॉथा!’ म्हणून बघा मोठ्यानं. तुमचा मुलगासुद्धा हसेल.

शिवाय झ. आपल्याकडे च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार. चोरातला च निराळा, चंद्रातला निराळा. झाडाचा झ एक, झेंड्याचा दुसरा. ओळखीच्या शब्दात जीभ आपोआप वळते. पण तुम्ही बनवलेल्या नावात वाचकानं कोणता झ घ्यायचा? अर्धे वाचक एक राजा वाचतील, अर्धे दुसरा. नवीन नाव घडवायचं तर या तीन अक्षरांपासून लांब राहिलेलं बरं. आणि नाव ‘च’नं संपवू नका. मारीचाची गोष्ट लिहिणाऱ्याला विचारा : मारीचचा म्हणावं की मारीचाचा, दोन्हीत अडखळायला होतं.

तमासुराबद्दल मात्र जरा थांबून बोलते. एक तर तमासुर म्हटलं की माझ्या कानाला तमाशा ऐकू येतो, ढोलकीसकट. तुमच्या कथेतल्या पोरांनाही येईल आणि ती त्याला तमाशा म्हणूनच चिडवतील. पण खरी अडचण ‘असुर’ या शेपटाची आहे. झारखंडात असुर नावाचा एक आदिवासी समाज आहे, जिवंत माणसांचा. पूर्वी पिढ्यान् पिढ्या दगडापासून लोखंड गाळणारा. महिषासुराला ते पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत त्यांच्याकडे दुखवटा असतो. आपल्याच अकोला जिल्ह्यात सांगोळा नावाचं गाव आहे, तिथे रावणाची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे आणि दसऱ्याला तिची पूजा होते. मेळघाटात कोरकू लोक मेघनादाला मानतात. बळीराजाचं तर विचारूच नका. कथेत तो दैत्य, आणि आपल्या आया-आज्या दिवाळीत ओवाळताना म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. तेव्हा नावामागे ‘असुर’ जोडलं की माणूस आपोआप खल होतो, हे इतकं सरळ नाही. ज्याला तुम्ही राक्षस म्हणता त्याच्या पायाशी कुणीतरी नारळ फोडत असतं. हीच खबरदारी आडनावाची. मराठी आडनाव उच्चारलं की गाव, जात, कधी कधी तालुकासुद्धा कळतो. खलनायकाला अमुक-कर म्हणालात की त्या गावचे सगळे तुमच्या दारात.

आता माझा मुद्दा. तुम्ही विचारताय, नाव कोणतं. मी विचारते, आत्या कोण?

बारशाला पाळण्यापाशी बसून बाळाच्या कानात कुर्रर्र करते ती आत्या. तुमच्या राजालाही कुणीतरी केलं असेलच की. नाव आभाळातून पडत नाही, कुणीतरी ठेवतं, आणि ठेवणाऱ्याच्या मनात त्या वेळी काहीतरी असतं : आशा, भीती, नवस, कधी निव्वळ कंटाळा. ते तुम्हाला ठाऊक नसेल तर कितीही दणदणीत अक्षरं जोडा, नाव पोकळच वाजणार.

रावणाचंच घ्या. उत्तरकांडात बापानं, विश्रव्यानं, त्याचं नाव ठेवलं दशग्रीव. दहा माना दिसल्या, दशग्रीव म्हटलं; बापाला जे दिसलं ते. पुढे हा कैलास उपटायला गेला, शंकरानं अंगठ्यानं पर्वत दाबला, याचे हात खाली चिरडले आणि यानं अशी आरोळी ठोकली की तिन्ही लोक थरारले. तेव्हा शंकर म्हणाले, या आरोळीमुळे तुला रावण म्हणतील. म्हणजे बघा, ज्या नावानं पुढे जग कापलं ते त्याच्या वेदनेच्या किंकाळीवरून पडलेलं, आणि ठेवणारा कोण, तर ज्यानं त्याला हरवलं तो. पोराचंही तसंच. जन्मताच मेघासारखा गरजला म्हणून मेघनाद. इंद्राला बांधून आणल्यावर ब्रह्मदेवानं त्याला इंद्रजित केला. एका माणसाची दोन नावं, दोन वेगळ्या तोंडांतली. कथाकाराला आणखी काय हवं?

तुमचा राजा मिठागरातला आहे असं मी धरते, महालात जन्मलेला नव्हे. (महालात जन्मलेला असेल तर खुशाल बदला, पण मग तो मला कमी आवडेल.) आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवत : दगडू, धोंडू, केरू, भिकू. बाळ सुपात घालून शेजारणीला द्यायचं आणि मूठभर धान्य देऊन परत विकत घ्यायचं, म्हणजे नियतीला वाटावं की हे कुणाचंच नाही, उचलण्यासारखं नाही. तुमच्या राजाची तीन भावंडं आधी गेलेली असू देत. आई त्याला केरू म्हणते. केरू! कादंबरीतला सगळ्यात भयंकर माणूस, आणि त्याच्या नावात आईचा जीव अडकलेला.

मग केरू मोठा होतो, उघड्यांच्या किल्ल्या कमरेला लावतो आणि दरबारी भटाकडून नवं नाव घेतो. वहीत त्याला ‘क्ष’ म्हणताच आहात, तर क्षारेंद्र म्हणा : मिठाचा धनी. क्षारेंद्रानं, क्षारेंद्राला, क्षारेंद्रा! सगळ्या विभक्त्यांत ताठ उभं राहतं. पण मिठागरात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा असलेला माणूस ‘क्षारेंद्र’ म्हणेल का? तो म्हणेल खारिंदर. बायका त्याचं नावच घेणार नाहीत. रात्री सापाला जसं जनावर किंवा लांबडं म्हणतात, तसं त्या म्हणतील, उघडीवाला. चिडलेली पोरं म्हणतील खारिंद्र्या, कारण मराठीत शेवटी ‘या’ लावून ज्याची टिंगल करता येत नाही असा राजा अजून व्हायचाय. आणि गावातली म्हातारी सुईण, जिनं त्याची नाळ कापली, ती एकटी त्याला केरू म्हणते. संवादात कोण कोणतं नाव घेतं यावरून, ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ न लिहिताही, बोलणारा कळेल.

एक विनंती. ‘केरू’ हे गुपित करून शेवटच्या पानासाठी राखून ठेवू नका. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच सांगून टाका. वाचकाला माहीत आहे आणि दरबाराला नाही, यातली धडकी जास्त टिकते. सुईण दरबारात येते आहे, तोंड उघडणार आहे, एवढ्यावर दहा पानं ताणून धरता येतील.

राजा मेल्यावर त्याच्या नावाचं काय होतं, हेही लिहिण्याआधी ठरवा. माझं माहेर सासवडचं, त्यामुळे जेजुरी लहानपणापासून पायाखालची. खंडोबानं मणी आणि मल्ल हे दोन दैत्य मारले. मरताना मल्लानं मागितलं काय, तर देवाच्या नावाआधी माझं नाव लागू दे. म्हणून तो मल्हारी. भंडारा उधळत ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणणारा प्रत्येक जण देवाबरोबर त्या मेलेल्या दैत्याचंही नाव घेतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कोल्हापूरच्या कोल्हासुराचीही कथा तीच, त्यानं गावच मागून घेतलं. तुमचा क्षारेंद्र मरताना काय मागेल? एखाद्या उघडीला त्याचं नाव राहील? की मिठागरातल्या बाया मुलांची नावं पुन्हा केरू ठेवू लागतील? मला हे वाचायला फार आवडेल.

प्रश्न : माझ्या कादंबरीतल्या खलनायकाचं नाव ‘काळ’ आहे. आता ते बदलून ‘विरोचन’ करायचं आहे. संगणकावर एका झटक्यात सगळीकडे बदललं तर चालेल ना?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात नको. असं बदललेलं हस्तलिखित माझ्याकडे आलेलं आहे. त्यात रोज सूर्य ‘सविरोचनी’ उगवत होता, आई मुलाची ‘विरोचनजी’ करत होती आणि बाहेर ‘विरोचनोख’ पडला होता. एकेक ठिकाण बघून हातानं बदला, संध्याकाळ त्यात जाईल. (ही ‘संध्याकाळ’ही तपासा.)

नाव बदलताय ते मात्र योग्यच. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे ‘काळ आला’ असं वाक्य आलं की राजा आला, मरण आलं की नुसता वेळ गेला, हे वाचकाला दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय कळत नाही. विरोचन हा प्रल्हादाचा मुलगा आणि बळीचा बाप, हे लक्षात असू द्या. ज्यांना ते ठाऊक आहे ते वाचक तुमच्या राजाच्या मुलाकडे पहिल्या पानापासून डोळे लावून बसतील. मुलगा नसेल तर दुसरं नाव शोधा.