नवा फोन की नवी बॅटरी?

प्रश्न : माझा फोन तीन वर्षांचा आहे. दुपारी दोनलाच मान टाकतो. पोरगं म्हणतं, फोटोतली माणसं पुसून टाकणारा एआयवाला फोन घ्या. काय करू?
– एक शेतकरी, जिंतूर

उत्तर : दादा, माणसं पुसून करायचंय काय? रात्री लाईट आल्यावर मोटार चालू करायला निघता, तेव्हा टॉर्च लागली पाहिजे. परभणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात पारा 43 वर गेला की फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन गिऱ्हाईकं येतात. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. फोन ट्रॅक्टरवर उन्हात ठेवता ना? तिथंच तिचं आयुष्य आटतं. शिवारात रेंज कमी असली की टॉवरशी बोलायला फोन जास्त ताकद लावतो, तेही चार्जिंग खातं. (माझा स्वतःचा फोनही गावाकडं गेलो की संध्याकाळीच झोपतो.)

आधी चांगली बॅटरी टाकून बघा. फोनवरून पैसे पाठवत असाल आणि सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले असतील, तर मात्र पोराचं ऐका. पण बॅटरी 5000 एमएएचच्या (बॅटरीत किती चार्जिंग मावतं त्याचं माप) खालची असलेला घेऊ नका, आणि स्क्रीन 120 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारी असली तर सेटिंगमध्ये जाऊन 60 वर आणा, चार्जिंग वाचेल.