आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला 'सेन्सर' घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६८ वर्षांची, नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे बदलायचेत. ठाण्यातल्या हॉस्पिटलने 'सेन्सर टेक्नॉलॉजी'चे वेगळे पैसे सांगितलेत. ते द्यावेत का?

मी नवी मुंबईत हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) स्क्रब नर्स आहे. सर्जन हात पुढे करतात तेव्हा त्यात काय ठेवायचं, हे माझं काम. डॉक्टर नाही, त्यामुळे आईंच्या गुडघ्यावर मी बोलणार नाही. सेन्सर मात्र रोज हाताळते.

आधी हॉस्पिटलला विचारा की त्यांचा 'सेन्सर' म्हणजे नेमकी कुठली वस्तू. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. एक, नॅव्हिगेशन किंवा रोबो: मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना रोवून त्यांवर खुणा बसवतात, कॅमेरा त्या पाहतो आणि हाड कुठल्या कोनात कापायचं ते ठरतं. दोन, शरीरातच राहणारा 'स्मार्ट' गुडघा, जो घरी गेल्यावर पावलं मोजतो. असा एक गुडघा अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाला. तुम्हाला बहुधा तो कोणी सांगत नसणार. तीन, 'ट्रायल'मधला, म्हणजे खरी गादी बसवण्याआधी घालून पाहायच्या तात्पुरत्या तुकड्यातला सेन्सर. खरा सेन्सर म्हणतात तो हा, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचा माथा कापून वर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिकची गादी. पण दोन्ही बाजूंची लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे, पेशंटची स्वतःचीच राहतात. आपल्याकडे बहुतेकांचे गुडघे आतल्या बाजूने झिजून पाय बाहेर वाकलेले असतात, त्यामुळे आतलं लिगामेंट वर्षानुवर्षं आखडलेलं असतं. हाड कितीही सरळ कापलं तरी बाजेची नवार एकीकडे ताणलेली आणि दुसरीकडे लोंबती राहावी तसं होऊ शकतं. आत घट्ट राहिलं तर दुखतं, वाकत नाही. सैल राहिलं तर जिना उतरताना गुडघा 'सटकल्यासारखा' वाटतो. तिसऱ्या मजल्याचा विचार करता हे तुम्हाला कळेलच.

हा ताण सर्जन एरवी हाताने बघतात. पाय धरून डावीकडे उजवीकडे दाब देतात, मध्ये ठोकळा घालून पाहतात. सेन्सर असेल तर कायमची गादी बसवण्याआधी त्या जागी मी तशाच आकाराची सेन्सरवाली ट्रायल देते. व्हेरासेन्स हे त्यातलं माहितीतलं नाव. तिच्यावर आत किती भार आणि बाहेर किती, ते स्क्रीनवर पाउंडांत दिसतं. सर पाय सरळ ठेवून, मग ४५ अंश, मग ९० अंश वाकवून आकडे घेतात. साधारण धरतात असं की कुठल्याही बाजूला ४० पाउंडांपेक्षा जास्त भार नको आणि दोन्ही बाजूंत १५ पाउंडांहून, म्हणजे जेमतेम ७ किलोंहून, जास्त फरक नको. एक बारीक गोष्ट: गुडघ्याची वाटी बाजूला सरकवलेली असताना घेतलेला आकडा खोटा येतो. म्हणून वाटी जागेवर आणून कातडीखालचं आवरण चिमट्याने तात्पुरतं मिटवावं लागतं. घाईत हे राहिलं की मशीन बिचारं इमानेइतबारे चुकीचं सांगतं.

पहिल्यांदा सेन्सर आला तो दिवस मला आठवतो. आमचे सर, केस पांढरे झालेले, पाय हलवून म्हणाले, "बरोबर आहे." स्क्रीनवर आत ५५, बाहेर १२. ओटीत कोणी काही बोललं नाही. मग सरांनी जाड सुई मागितली, आतल्या लिगामेंटला चार-पाच ठिकाणी टोचलं, पाय हलवला, पुन्हा टोचलं. आकडा खाली आला. चहाला बसल्यावर म्हणाले, "अंगठा म्हातारा झाला गं." तर सेन्सर काहीच करत नाही असं नाही. उलटही झालंय: एकदा सेन्सर स्क्रीनला जोडलाच जाईना, गुडघा उघडा आणि आम्ही सगळे मॉनिटरकडे बघत उभे. शेवटी हातानेच केलं.

आता पैशाचं. सुरुवातीच्या अभ्यासात आकडे जुळलेले पेशंट जास्त समाधानी दिसले, आणि माहितीपत्रकात तेच छापतात. पण तिथे सेन्सर सगळ्यांनाच लावलेला होता. पुढे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडून, एकाला सेन्सर आणि दुसऱ्याला फक्त सर्जनचा हात, अशा चाचण्या झाल्या. सेन्सरवाले गुडघे जास्त समतोल निघाले. वर्ष-दोन वर्षांनी दुखणं आणि चालणं विचारलं तेव्हा मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. गुडघा बदललेल्या पाचातला साधारण एक जण पूर्ण खूश नसतो, हे जुनं दुखणं आहे. ताण हे त्यातलं एकच कारण. कंबरेचं दुखणं, वजन, भीतीने व्यायाम सोडणं, हे सेन्सरला दिसत नाही.

बिलाबद्दल एक लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. सेन्सर शरीरात राहत नाही, वापरून टाकून देतात, म्हणजे तो इम्प्लांट नव्हे. इम्प्लांट आणि सेन्सर अशा दोन ओळी वेगळ्या लिहून मागा. मेडिक्लेम असेल तर टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून, सेन्सरबद्दल आधीच लेखी घ्या, डिस्चार्जच्या दिवशी वाद नको.

माझं मत विचाराल तर: आईंचे पाय फार वाकले असतील, किंवा जुनं फ्रॅक्चर असेल, आणि सर्जन स्वतः सांगत असतील की मी नेहमी वापरतो, तर घ्या. त्यांना एवढंच विचारा, "आकडा जुळला नाही तर तुम्ही काय करता?" सुई, हाडाचा एक-दोन मिलिमीटर जास्त काप, गादीची जाडी, असं काहीतरी ते चटकन सांगतील. पॅकेज फक्त काउंटरवरची मुलगी समजावत असेल तर कर्ज काढून घेऊ नका. तेच पैसे सहा आठवडे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला द्या. तिसऱ्या मजल्यावरून आईंना रोज खाली नेणं सुरुवातीला जमणार नाहीच.

आणि दोन्ही गुडघे एकदम करणार असतील तर सेन्सरचा सांगितलेला दर एका गुडघ्याचा की दोन्हींचा, हे आजच फोन करून विचारा.