गॅटलिंगला मशीनगन म्हणायचं का? (आणि खुर्द्याची गोष्ट)

प्रश्न असा आलाय: हँडल फिरवून चालवायची ती जुनी अनेक नळ्यांची बंदूक, गॅटलिंग, तिला मराठीत मशीनगन म्हटलं तर चालेल का, की दुसरा शब्द आहे? आणि अमेरिकेत लोक ती घरी ठेवतात म्हणे, ते खरं का?

नाही चालणार. किती वेळा सांगायचं? टीव्हीवर, पेपरात, युट्यूबवर, जिथं दोनापेक्षा जास्त नळ्या दिसल्या तिथं 'मशीनगन' ठोकून देतात. मशीनगन म्हणजे जी सुटलेल्या गोळीच्याच धक्क्यातून किंवा वायूच्या दाबातून ताकद घेऊन पुढची गोळी आपली आपण भरते आणि उडवते ती, हे हायरम मॅक्सिमनं १८८४ च्या सुमारास जमवलं. गॅटलिंगला हे काही येत नाही. माणूस हँडल फिरवतो तोवर नळ्या फिरतात, एका फेऱ्यात प्रत्येक नळी एकदा भरते, उडते, रिकामं काडतूस टाकते आणि पुन्हा पाळी येईपर्यंत जरा गार होते, हात थांबला की सगळं थांबलं. रिचर्ड गॅटलिंगनं ४ नोव्हेंबर १८६२ ला पेटंट घेतलं त्यातसुद्धा शब्द आहे 'रिव्हॉल्व्हिंग बॅटरी गन', आणि ही बॅटरी म्हणजे टॉर्चमधली नव्हे, तोफांचा ताफा. म्हणजे एका गाड्यावर अख्खा तोफखाना, असा त्याचा दावा. गडी डॉक्टरकी शिकलेला पण प्रॅक्टिस कधी केली नाही, बंदुकीच्या आधी पेरणीयंत्रं बनवायचा, आणि वरून बी पडावं तसं वरून काडतूस पडतं ही युक्ती तिथूनच आली असं लोक म्हणतात, मला पटतं.

बरं, घोळ फक्त आपणच घालतो असं नाही. १७ जानेवारी १८८५ ला सुदानात अबू क्लियाच्या लढाईत ऐन वेळी इंग्रजांची बंदूक अडकली, त्यांचा कर्नल बर्नाबी मेला, आणि पुढे एका इंग्रज कवीनं लिहून टाकलं की गॅटलिंग अडकली. अडकली होती गार्डनर! तीही हँडलचीच, पण तिच्या नळ्या फिरत नाहीत, शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. पण कविता पाठ झाली ना लोकांची, आता कोण ऐकतंय.

आता खरी मजा सांगतो. फ्रेंचांनी याच काळात आपली वेगळी बंदूक काढली, रेफ्यी नावाच्या अधिकाऱ्याची, २५ नळ्या, त्या एका जागी पक्क्या, मागून २५ काडतुसांची पाटी सरकवायची आणि हँडल फिरवायचं. इतकी गुप्त ठेवली की १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांच्याच सैन्यात ती नीट वापरता येणारे थोडे होते, तोफेसारखी लांबून वापरली आणि बरीचशी वाया घालवली. तिचं नाव मित्राय्योझ. हा शब्द आला मित्राय पासून, म्हणजे तोफेत भरायचे छर्रे, लोखंडाचे तुकडे, भंगार. आणि हे मित्राय मूळचं काय, तर चिल्लर! तांब्याची हलकी नाणी. आधी सुटे पैसे, मग धातूचे बारीक तुकडे, मग तोफेतलं भंगार, मग ते भंगार ओकणारी बंदूक. आजही फ्रेंच माणूस बोलता बोलता खिशातल्या चिल्लरला मित्राय म्हणतो आणि मशीनगनला मित्राय्योझ.

आता आपल्याकडे या. चिल्लरीला जुना मराठी शब्द कोणता? खुर्दा. आणि फौजेची दाणादाण झाली की काय म्हणतो आपण? खुर्दा उडाला! मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा झोप लागेना. हा खुर्दा फारशीतला, खुर्द म्हणजे लहान, तोच तो जो रोज एसटीच्या पाटीवर वाचतो, वडगाव खुर्द, वडगाव बुद्रुक, बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, मोठं. हिंदीतलं खुदरा पण त्याच घरातलं. (इथं एक पंथ लगेच उठून म्हणतो, छे छे, हे संस्कृत क्षुद्र वरून. ज्यांना प्रत्येक शब्द संस्कृतातून काढल्याशिवाय जेवण जात नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त विचारतो की मग बुद्रुक कशावरून काढणार?)

दुसरा आक्षेप जरा बरा आहे, तो असा की खुर्दा उडणे म्हणजे नुसते तुकडे होणे, पैशाचा संबंध नंतर तुम्ही चिकटवला. नाही हो. पानिपतची बातमी ज्या सांकेतिक निरोपातून आली तो आठवा, पाठ थोडे वेगवेगळे आहेत पण सांगाडा तोच, दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, आणि रुपये, खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि साधा शिपाई म्हणजे खुर्दा. अख्खी उतरंड नाण्यांची आहे! रणात पडलेल्या माणसांना चिल्लर म्हणणं १७६१ मध्ये मराठीला सहज सुचतं आणि माणसं पाडणाऱ्या भंगाराला चिल्लर म्हणणं फ्रेंचला सुचतं, एकानं मरणाऱ्याला म्हटलं, दुसऱ्यानं मारणाऱ्याला. दोघांनी एकमेकांकडून घेतलेलं नाही, हे मलाही कळतं, पण योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. कोशवाल्यांनी खुर्द्याचे दोन अर्थ दोन ओळींत लिहायचे आणि मधला धागा दाखवायचा नाही, याला आळस म्हणतात.

हां, घरी ठेवण्याचं राहिलं. खरं आहे, आणि ते शब्दावरच अडकलंय. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यात मशीनगन म्हणजे चाप एकदा ओढल्यावर आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या सुटतात ती. हँडलच्या गॅटलिंगमध्ये आपोआप काही होत नाही, म्हणून १९५५ मध्ये तिथल्या करखात्यानं निर्णय दिला की ही मशीनगन नव्हे. त्यामुळे तिथं हौशी लोक नवीन बनवलेल्या गॅटलिंगसुद्धा विकत घेतात, आणि अस्सल जुनी, १८९८ किंवा त्याआधीची असेल तर संघराज्याच्या कायद्यात ती अँटिक धरली जाते, राज्याराज्यांचे नियम अर्थात वेगळे. पण हँडल काढून मोटर लावली की संपलं, कायद्याच्या हिशेबात ती मशीनगन. मोटर खुद्द गॅटलिंगनंच १८९३ मध्ये लावून बघितली होती, तेव्हा कुणाला फार गरज वाटली नाही, १९११ मध्ये अमेरिकी लष्करानं गॅटलिंग मोडीतच काढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल इलेक्ट्रिकनं तीच कल्पना उकरून विमानांसाठी सहा नळ्यांची व्हल्कन तोफ केली. तिची लहान आवृत्ती म्हणून मिनीगन, म्हणजे 'मिनी' हे व्हल्कनच्या मानानं, कृपा करून 'छोटी बंदूक' असं भाषांतर करू नका. ही मिनीगन कायद्यानं मशीनगनच, असं तिथल्या एटीएफनं, म्हणजे शस्त्रांचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्यानं, २००४ मध्ये स्पष्ट केलं, आणि १९ मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन तिथल्या सामान्य माणसाला घेताच येत नाही.

मराठी शब्द हवाच असेल तर 'हँडलची गॅटलिंग' लिहा, वाचणाऱ्याला कळतं. 'बहुनलिका परिभ्रमी भुशुंडी' असलं काही कुणी सुचवलं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आणि आपल्याकडे घेता येईल का असं मनात आलं असेल तर, १९५९ च्या शस्त्र कायद्यातली प्रतिबंधित शस्त्राची व्याख्यासुद्धा चाप दाबून धरल्यावर गोळ्या सुटत राहतात अशीच आहे, तेव्हा इथं चापच नाही असा वकिली मुद्दा कुणीतरी काढेलच, पण त्याच व्याख्येत पुढे तोफाही आहेत आणि केंद्र सरकार नोटिफिकेशन काढून घालेल ती इतर शस्त्रंही आहेत, शिवाय साध्या बंदुकीलाही परवाना लागतोच. सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या नगाला.