‘सॉरी’ म्हणतो आणि पुन्हा ढकलतो

प्रश्न : मुलगा ४ वर्षांचा आहे. खेळताना इतरांना ढकलतो. दटावलं की ‘सॉरी’ म्हणतो आणि लगेच पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : ‘सॉरी’ म्हटलं की सुटका होते, एवढंच तो शिकलाय. त्यामुळे त्या शब्दाचा आग्रह तूर्त सोडा. ढकलल्यावर आधी पडलेल्या मुलाकडे जा. ओरडत स्वतःच्या मुलाकडे धावलात तर सगळं लक्ष त्यालाच मिळतं. मग गुडघ्यावर बसून, आपल्या मुलाच्या नजरेच्या पातळीवर येऊन दोनच वाक्यं बोला : “तो रडतोय बघ. कोपर दुखतंय त्याचं.” त्यानंतर हातांना काम द्या. पाणी आणून देणं, पडलेलं खेळणं उचलून देणं. मात्र समोरच्या मुलाला नको असेल तर जवळ जायचं नाही, हेही सांगा.

जबरदस्तीची मिठी तर नकोच.

“तुला कुणी ढकललं तर कसं वाटेल?” हा मोठ्यांचा आवडता प्रश्न रडारडीत फुकट जातो. या वयात दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणं नुकतंच जमू लागलेलं असतं, रागात तेही सुटतं. तो प्रश्न रात्री बाहुल्यांच्या खेळात विचारा. ‘मला दे ना’, ‘आता माझी पाळी’ ही वाक्यंही तिथेच घोटून घ्या, कारण बऱ्याचदा शब्द सुचत नाहीत म्हणूनच हात उठतो.