आखातातल्या शाळेतली नोकरी सोडून कायमचं भारतात परतायचं आहे. काय तयारी करावी, आणि विद्यार्थ्यांना कधी सांगावं?

शारजात बारा-तेरा वर्षं अकरावी-बारावीच्या मुलींना गणित शिकवलं आणि २०२३ च्या मार्चअखेर कायमची पुण्यात आले. पैशांचं आणि कागदांचं तुम्हाला कुणीही सांगेल. पण तुम्ही लिहिलंय की शाळेने "शेवटच्या दिवसापर्यंत मुलांसमोर बोलू नका" अशी ताकीद दिली आहे. ते वाचलं आणि राहवलं नाही. ती ताकीद मानू नका. मुलांना सांगा, आणि दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगा.

कागदांचं आधी उरकते. यूएईमध्ये असाल तर ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षीचा २१ दिवसांचा पगार, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा. बेसिक ३,००० दिरहम आणि नोकरी दहा वर्षं असेल तर २५,५०० हातात यायला हवेत. हा हिशोब स्वतः मांडून अकाउंट्सला घेऊन जा. राजीनामा दिला म्हणून रक्कम कापायची जुनी पद्धत फेब्रुवारी २०२२ पासूनच्या कायद्यात राहिलेली नाही, आणि नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे चुकते करायचे असतात. ते जमा होईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका. अनुभवाचा दाखला आणि तुमच्या मुलांच्या टीसी तिथे असतानाच अटेस्ट करून घ्या. इथून ते काम एजंटच्या मिनतवाऱ्या करत बसण्याचं आहे. एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासी भारतीयांचं खातं) काय करायचं आणि आरएनओआर दर्जा (नुकतेच परतलेल्यांना करात काही काळ सवलत देणारा) मिळतो का, हे सीएला तिकीट काढायच्या आधी विचारा, कारण परतायच्या तारखेवर त्या वर्षाचा कर ठरू शकतो.

आता मुलांचं.

एप्रिल २०२० मध्ये आमचं नवं वर्ष ऑनलाइनच सुरू झालं. ७ मेपासून कोविडमध्ये अडकलेल्या भारतीयांना परत नेणारी वंदे भारत मोहिमेची विमानं निघू लागली आणि माझ्या पटावरची नावं गळायला लागली. रविवारी फळ्यावरचं उदाहरण सोडवून दाखवणारी मुलगी मंगळवारी स्क्रीनवर नसायची. वडिलांची नोकरी गेलेली, घर आवरलेलं, मैत्रिणींना एका शब्दाने सांगितलेलं नाही. मुली चॅटमध्ये विचारायच्या, "मॅम, ती कुठे गेली?" मलाही ठाऊक नसायचं. आखातात वाढणाऱ्या मुलांच्या आयुष्यात माणसं अशीच नाहीशी होतात. घरचा मुक्काम व्हिसावर, व्हिसा नोकरीवर, आणि नोकरी गेली की थोड्याच महिन्यांत सगळं संपतं. मोठी माणसं त्यावर बोलत नाहीत, म्हणून मुलंही विचारायचं सोडून देतात. त्या वर्षीच मी ठरवलं होतं की माझी वेळ येईल तेव्हा मी अशी जाणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये राजीनामा दिला. अकरावीचा वर्ग धरून चालला होता की बारावीलाही मीच असणार. सुपरवायझरनी बोलावून सांगितलं, मुलींना कळलं तर पालकांना कळेल, पालक घाबरतील, दाखले काढतील. "टीचर येतात-जातात, सिस्टिम चालू राहते," हे त्यांचं वाक्य. घरीही वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, तुला यातून काय मिळणार, उगाच फायनल सेटलमेंट अडकवतील.

जानेवारीत शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला मी वर्गात सांगितलं. वर्ग गप्प झाला, आणि नेहमी सगळ्यात पुढे असणाऱ्या एका मुलीने आठवडाभर माझ्याकडे वही आणली नाही. रागवायचा तिला पूर्ण हक्क होता. तो राग माझ्यासमोर काढता आला, आणि पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आलीसुद्धा. एप्रिलमध्ये वर्गात नवा चेहरा बघून तिने हा राग कुणावर काढला असता?

उरलेल्या दोन महिन्यांत मी प्रत्येक मुलीबद्दल पुढच्या शिक्षिकेसाठी अर्धं-अर्धं पान लिहिलं, तेही त्या मुलीला समोर बसवून. कोण त्रिकोणमितीची सूत्रं पाठ करते पण लावायची कुठे ते कळत नाही, कोणाची सिद्धता बिनचूक असते आणि चिन्हं चुकतात, कोण वर्गात कधीच हात वर करत नाही पण वहीच्या शेवटच्या पानावर शंका लिहून ठेवते. मुलींनी स्वतःच त्यात भर घातली. हे कळल्यावर सुपरवायझरनी पुन्हा बोलावलं, "हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?" कुणी सांगायला हवं होतं का? दोन वर्षांचा अभ्यासक्रम अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि एक ओळ लिहून ठेवायची नाही, ही कसली सिस्टिम?

माझ्या जागी त्रिशूरच्या एक मॅडम आल्या. ते कागद त्यांनी वर्षभर वापरले, त्यांनीच मला कळवलं. आणि एकाही पालकाने दाखला काढला नाही. ज्या भीतीपोटी मला गप्प बसवत होते, त्यातलं काहीही घडलं नाही.

म्हणून सांगते, सामानाचे खोके नंतर भरा, जड भांडी आणि फर्निचर तिथेच देऊन टाका, कार्गोला तेवढे पैसे घालण्यात अर्थ नाही. तो वेळ वर्गाला द्या. शिक्षकाने न सांगता निघून जाणं मला पळून जाण्यासारखं वाटतं, मग शाळेचा हुकूम असो वा नसो.

एक मात्र आहे. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता, त्यामुळे शाळा मला फार अडचणीत आणू शकत नव्हती. तुमचा व्हिसा शाळेचा असेल, तर राजीनामा स्वीकारल्याचं पत्र शेवटच्या तारखेसकट आधी हातात घ्या आणि कराराच्या कागदात याबद्दल काही अट आहे का ते वाचा. बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या वर्गाला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं तरी चालेल, त्यांचा तुमच्याशी अभ्यासक्रम तिथेच संपतो. ओमान, कतार, कुवेतचे ग्रॅच्युइटीचे नियम वेगळे आहेत, वरचा हिशोब तिथे लावू नका.