नीरो बाटलीत भरायचा आहे, निधी स्पर्धेत उतरावे का?

ताई, गोव्यात सत्तरीतल्या घरच्या भाटातला (बागेतला) नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, टिकवून विकायचा, त्यासाठी निधी स्पर्धेत, म्हणजे परीक्षकांपुढे कल्पना मांडून पैसे मिळवायच्या स्पर्धेत, अर्ज करावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत: करा, पण एक हंगाम बाटल्या भरून बघितल्यावर.

कारण साधे आहे. परीक्षक पहिल्यांदा विचारणार, हा किती दिवस टिकतो? नीरो सकाळी गोड असतो आणि ऊन चढले की आंबू लागतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. तो कसा थोपवणार, याचे उत्तर मार्च ते मे एवढ्याच काळात हाती लागते. ऑगस्टमध्ये निधी मंजूर झाला तर खात्यात पैसे असतील, झाडावर बोंडू एकही नसेल. बहुतेक ठिकाणी रक्कम हप्त्याने, ठरलेले काम दाखवल्यावरच सुटते. मग दुसऱ्या हप्त्यासाठी डिसेंबरात काय दाखवणार? निवड झालीच, तर टप्प्यांच्या तारखा हंगामाप्रमाणे लावून मागा. सही करण्याआधी मागा, नंतर कोणी ऐकत नाही.

दुसरे, बक्षीस आणि अनुदान यांत गल्लत करू नका. बक्षिसाचे पैसे सहसा मोकळे असतात, अनुदानाच्या मागे अटी येतात. नव्या उद्योगांसाठी केंद्र सरकारने 2021 साली चार वर्षांसाठी सुरू केलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाचेच बघा. नमुना तयार करून तपासण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान होते, पण कंपनी नोंदलेली लागे, तीही अर्जाच्या वेळी दोन वर्षांहून जुनी चालत नसे, आणि त्या पैशातून बांधकाम करता येत नसे. तुमच्या बेतात शेड आहे, तेव्हा ती अशा अनुदानात बसणार नाही. आधी 10 लाखांहून जास्त सरकारी मदत घेतलेली असेल तर तिथे दार बंद होते, मात्र स्पर्धेतले बक्षीस त्यात धरत नसत. म्हणून लहान स्पर्धा जिंकल्याने तिथली वाट अडत नसे. कंपनी मात्र घाईने नोंदवू नका, अशी वयाची अट असेल तर तिचे घड्याळ त्याच दिवशी सुरू होते.

कल्पना चोरीला जाईल ही तुमची भीती मला जरा अवाजवी वाटते. बोंडे तुडवून नीरो काढणे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, त्यावर कोणालाच पेटंट मिळायचे नाही. टिकवण्याची तुमची रीत खरोखर नवी असेल, तर मंचावर बोलण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज टाका. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये, आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. सादरीकरणात तापमान आणि वेळ सांगायची गरज नसते, किती दिवस टिकला तेवढे पुरे.

स्पर्धेच्या बदल्यात कोणी कंपनीत हिस्सा मागत असेल तर मी तरी उतरणार नाही. एवढ्या लवकर हिस्सा देणे म्हणजे कैऱ्या धरण्याआधीच आंबा विकणे.

वेळेचेही बघा. फेऱ्या आणि सादरीकरणे एप्रिलात आली तर भाटात कोण राहणार? घरात दुसरे कोणी नसेल तर ते वर्ष सोडा.

खर्चाचा तक्ता झाला की दाखवा. बाटली, झाकण आणि थंड वाहतूक लोक हमखास कमी धरतात, आणि प्रयोगशाळेतली तपासणी तर विसरतातच.